आधी पंखा बंद करा

"मामा, ही पंख्याची ओळ काढावीच लागेल."

भाच्याने लॅपटॉप काउंटरवर त्यांच्याकडे वळवला. मशीनकाकांनी हातातला ब्रश ठेवला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि वाचू लागले. खरे तर वाचायची गरज नव्हती. शिलाई मशीनच्या दुरुस्तीचे इंटरनेटवरचे हे पान त्यांच्या बायकोने लिहिले होते, याच काउंटरमागे स्टुलावर बसून, आणि लिहिताना प्रत्येक वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवले होते. मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या रिळावरून, बॉबिनवरून, सगळे तिला बॉबिनकाकू म्हणत. पानाचे नावही तेच ठेवले होते.

'खालचा दोरा घट्ट ओढला जातोय? मशीनवर चिडू नका, तिचा काही दोष नाही. आधी पंखा बंद करा. मग बसा.'

"पंख्याचा आणि दोऱ्याचा काय संबंध?" भाचा म्हणाला. "ब्राउझरला हे कळत नाही."

"त्याला नसेल कळत. माणसांना कळतं."

"माणसं पानापर्यंत येतच नाहीत ना आता! तेच तर सांगतोय मघापासून."

भाचा एका कंपनीत हेच काम करायचा. लोक इंटरनेटवर काही शोधायला लागले की आपल्या गिऱ्हाइकाचे पान यादीत वर कसे येईल, ते बघायचे. मामीचे पान त्यानेच तयार करून दिले होते आणि त्यानेच वर आणले होते. ते वाचून लोक दुकानात फोन करत, सुटे भाग मागवत, मशीन घेऊन येत. काकू गेल्यावरही फोन येत राहिले. "काकू आहेत का?" असे कुणी विचारले की मशीनकाका "मी बोलतोय, सांगा" एवढेच म्हणत. त्या नाहीत, हे सांगायचे त्यांच्या जिवावर येई.

मग हा नवा ब्राउझर आला. न विचारताच सगळ्यांच्या फोनमध्ये येऊन बसला. प्रश्न विचारला की पानांची यादी दाखवायची सोडून हा स्वतःच सगळी पाने वाचायचा आणि उत्तर सांगून मोकळा व्हायचा. कुणाचे वाचून सांगितले, ते खाली बारीक अक्षरांत. तिथे बोट लावायला कोण जातो? दुकानातला फोन मुका झाला. मशीनकाका अधूनमधून रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना, ते बघत.

"त्याला पहिल्या दोन ओळींत उत्तर लागतं," भाचा समजावू लागला. "सरळ, स्वच्छ. मामीनं आधी चिडू नका, मग पंखा, मग पांढरं फडकं अंथरा... आणि स्क्रू येतो पार शेवटी. तोवर तो दुसऱ्याचं पान उचलून निघून जातो."

"तिची बोलायची पद्धतच तशी होती."

"मला माहीत नाही का? पाणी मागितलं तर आधी तब्येत विचारायची." भाचा हसला, मग हसू आवरून म्हणाला, "मामा, पान जगवायचंय की नाही?"

या प्रश्नापुढे मशीनकाकांनी हात टेकले. पान गेले तर दुकानात तिचे उरलेच काय? एक स्टूल.

"कर तुला काय करायचं ते," ते म्हणाले आणि ब्रश उचलून समोरच्या मशीनमधला कचरा असा खरवडू लागले, जणू सगळा गुन्हा त्या मशीननेच केला होता.

भाच्याने ओळी निवडल्या आणि एक बटण दाबले. चिडू नका गेले, पंखा गेला, फडके गेले. उरले ते असे: 'बॉबिनच्या डबीवरचा छोटा स्क्रू किंचित ढिला करा.'

काही दिवसांनी भाच्याचा फोन आला. "आलो, मामा! आलो वर! विचारून बघा त्याला!"

मशीनकाकांनी ब्राउझरला विचारले, "खालचा दोरा घट्ट ओढला जातोय, काय करू?"

ब्राउझरमधल्या गोड आवाजाच्या बाईने क्षणात सांगितले, "बॉबिनच्या डबीवरचा छोटा स्क्रू किंचित ढिला करा." खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'बॉबिनकाकू' असे होते.

"मग दुकानात फोन का येत नाहीत?" त्यांनी भाच्याला विचारले.

"उत्तर मिळालं की लोकांचं काम होतं, मामा. पुढे कशाला येतील?"

"म्हणजे या फोनमधल्या बाईला बोलता यावं म्हणून आपण तुझ्या मामीला गप्प केलं?"

"असं काय बोलता... निदान नाव तरी आहे. त्या ओळी ठेवल्या असत्या तर तेही नसतं."

पोरगा खोटे बोलत नव्हता, आणि डोके फिरत होते ते त्यामुळेच. भांडायलाही जागा नव्हती. मशीनकाकांनी मोबाइल काउंटरवर पालथा घातला.

त्याच आठवड्यात पडदे शिवणारी एक बाई घाईघाईने दुकानात आली. तिने मूठ उघडली. तळहातावर बॉबिनची डबी होती, डबीवरची पट्टी लोंबत होती आणि स्क्रूचा पत्ता नव्हता.

"काका, हे आत्ताच्या आत्ता करून द्या. पडदे अर्धे राहिलेत, गिऱ्हाईक दारात उभं आहे. स्क्रू जरा ढिला केला तर टुणकन उडाला. सगळी खोली झाडून काढली, नाही सापडला."

"आवाजावरून कळलं नाही, कुठे पडला ते?"

"कसला आवाज? डोक्यावर पंखा घरघरत होता."

"अहो, मग आधी पंखा नाही का बंद करायचा!" मशीनकाका कडाडले. कितीतरी दिवसांचे साठलेले सगळे तिच्यावर निघाले. "एवढं साधं कळत नाही? फडकं अंथरायचं, पंखा बंद करायचा आणि मग स्क्रूला हात लावायचा!"

तीही काही ऐकून घेणारी नव्हती. "माझ्यावर काय ओरडताय? फोनला विचारूनच केलंय मी. पंख्याचं कुठं सांगितलं त्यानं?"

मशीनकाकांनी तिच्या तळहातावरची डबी उचलून काउंटरवर ठेवली.

"बसा," ते म्हणाले.

तिने इकडेतिकडे पाहिले. "कुठं बसू? या स्टुलावर?"

त्या स्टुलावर बऱ्याच दिवसांत कुणी बसले नव्हते. "हो," ते म्हणाले. "बसा त्याच्यावर."

मग त्यांनी भाच्याला फोन लावला. "ती ओळ परत टाक."

"कुठली?"

"पंख्याची. चिडू नका, फडकं, सगळं. जिथं होतं तिथं. वरच."

"मामा, पान खाली जाईल. बारीक अक्षरातलं नावसुद्धा राहणार नाही. आणि परत वर आणा म्हणालात तर माझ्याच्यानं होणार नाही, आधीच सांगतो."

"नाही म्हणणार."

"अहो, पण मग वाचणार कोण ते?"

"ज्याला सापडेल तो. पण त्याला सगळं सापडू दे."

त्यांनी फोन ठेवला. राग गेला नव्हता. ब्राउझरवर होता, भाच्यावर होता, या बाईवरही थोडा होता. बाकीचा 'कर तुला काय करायचं ते' म्हणणाऱ्यावर होता.

त्यांनी काउंटरवर पांढरे फडके अंथरले, डब्यातून नवा स्क्रू काढला आणि पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत हात बांधून उभे राहिले. मग चिमट्याने स्क्रू उचलला. चिमटा घसरला आणि स्क्रू फडक्याच्या कडेवरून खाली गेला.

पडदेवाली उठायला लागली.

"हलू नका," ते म्हणाले.

फरशीवर टिक् असा आवाज झाला. मग काहीतरी बारीकसे घरंगळत गेले आणि थांबले.

"गेला का?" तिने दबक्या आवाजात विचारले.

"नाही," मशीनकाका काउंटरला धरून हळूच गुडघ्यांवर बसत म्हणाले. "स्टुलाखाली आहे."