कवळीवाल्याचं भाकीत

“डावखुरी,” हे म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

माझ्या हातातली किटली हातातच राहिली. समोर बसलेली आमची लेक बापाकडे बघतच राहिली, कारण डावखुरी म्हणजे दुसरी तिसरी कोणी नव्हे, दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात तिच्याशीच लढणारी मुलगी.

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर जबड्यांची मापं पाठवतात आणि हे पुढच्या खोलीत बसून साचे ओततात, त्यावर दात बसवतात. मागच्या गल्लीत मिक्स्ड मार्शल आर्ट्सची व्यायामशाळा निघाली, तेव्हापासून तिथल्या पोरापोरींची दातांवर बसवायची माउथगार्डही हेच करून देतात. जाळीच्या पिंजऱ्यात खेळायचा, ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालणारा हा खेळ. दातांची काळजी कोणीतरी घ्यायला हवीच. त्यातून ह्यांना टीव्हीवर लढती बघायचं वेड लागलं आणि त्या वेडापाठोपाठ भाकितं सांगायचं.

भाकितं सगळी जबड्यावरून. “जबडा बघ त्याचा, कसा चौकोनी आहे. हा पडणारच नाही,” असं हे छातीठोकपणे सांगणार आणि तो चौकोनी जबडा पहिल्याच फेरीत आडवा होणार. एखाद्या वेळी नाही हो, दर वेळी. व्यायामशाळेतली पोरं माप द्यायला आली की तोंड उघडण्याआधी हात जोडतात, “काका, काहीही करा, पण माझं नाव घेऊ नका.” त्यांचा कोच तर मोठा लबाड. दारातूनच विचारतो, “काका, समोरचा गडी कसा वाटतो? चांगला आहे ना? म्हणा की चांगला आहे!”

लेक शाळेत असताना तिनंच घरात एक नियम काढला. शनिवारच्या चहाला प्रत्येकानं रविवारच्या लढतीतलं एक नाव घ्यायचं. घेतलेलं नाव बदलायचं नाही. ज्याचं नाव हरेल त्यानं रविवारची भांडी घासायची. तेव्हापासून रविवारी माझे हात कोरडे आहेत. लोकांच्या नवऱ्यांना काय काय नाद असतात, त्यामानानं ह्यांच्या नादाबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

पण त्या शनिवारी लढत टीव्हीवरची नव्हती. त्याच व्यायामशाळेत शिकणाऱ्या लेकीची पहिली लढत होती. तिनं स्वतःचं नाव घेतलं, मीही तिचंच घेतलं आणि ह्यांनी डावखुरीचं.

“बाबा, खरंच असं वाटतं तुम्हाला?”

“तिचा जबडा...” हे पुटपुटले.

“आणि माझा?” तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती अर्धा चहा टाकून उठली आणि तिच्या खोलीचं दार लागलं.

मी ह्यांना स्वयंपाकघरात गाठलं. “अहो, पोरीचं तोंड बघितलंत का? एवढंसं झालं!”

“अगं, मी नाव घेतलेलं कोणी आजवर जिंकलंय का?” हे दबक्या आवाजात म्हणाले. “उद्या तिला काही झालं म्हणजे?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “मग तसं सांगा की तिला!”

“सांगितलं की त्याचा परिणाम जातो.”

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“असंच असतं ते.”

मला राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. “तिला तोडगा नकोय तुमचा,” मी म्हटलं. “आपण जिंकू असं बापाला वाटतंय की नाही, एवढंच तिला ऐकायचंय.”

हे पुढच्या खोलीत जाऊन तिचं गार्ड घासत बसले. ते आधीच आरशासारखं लखलखीत होतं.

रविवारी दुपारी हॉलमध्ये पोहोचलो. मध्ये जाळीचा पिंजरा आणि भोवती घडीच्या खुर्च्या होत्या. लेकीच्या हातांना कोच पट्ट्या बांधत होता. मी नर्स आहे, थरथरणारे हात मला लांबूनही ओळखू येतात. ती बापाकडे बघत नव्हती. ह्यांनी डबी उघडली, गार्ड काढलं आणि म्हणाले, “आ कर.” लहानपणी दात दाखवायची तसा तिनं आ केला. ह्यांनी गार्ड बसवलं. “चाव बघू. टोचतंय कुठे?” तिनं मान हलवली.

आणि तिथेच ह्यांचा बांध फुटला.

“तूच,” हे म्हणाले.

“खाय?” गार्डमुळे तिला धड बोलताही येईना.

“तूच जिंकणार. काल खोटं बोललो मी. भीती वाटली म्हणून. माझं नाव तुझंच आहे.”

कोचनं कपाळावर हात मारला. “काका, काय केलंत हे! आत्ता? या क्षणी?”

लेक मात्र गार्डसकट हसली आणि पिंजऱ्यात शिरली.

मी निम्मी लढत बोटांच्या फटीतून बघितली. पहिल्या फेरीत आमच्या लेकीनं डावखुरीला उचलून खाली घेतलं, तेव्हा मी खुर्चीवर उभी राहून ओरडले म्हणे. दुसऱ्या फेरीपासून डावखुरीच्या लाथा मांडीवर बसायला लागल्या. तिसरी फेरी कोणाची ते मला कळलं नाही, पंचांना कळलं. त्यांनी डावखुरीचा हात वर केला. लेकीचा एक डोळा सुजला होता, पण दात सगळे जागच्या जागी होते.

घरी आलो, जेवलो. मी तिच्या डोळ्यावर बर्फ धरला. हे कोपऱ्यात अपराध्यासारखे बसून होते.

“माझ्यामुळे झालं हे. जीभ आवरायला हवी होती.”

“बाबा, तिच्या लाथा बघितल्यात ना? त्यात तुमची जीभ कुठे आली? मलाच अडवता आल्या नाहीत. शिकेन.” मग तिनं हात पुढे धरले. “तुम्ही बोललात आणि माझे हात थरथरायचे थांबले.”

ह्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

“चल आई,” बर्फाची पिशवी घेऊनच लेक उठली. “भांडी आपली. आपण दोघींनी माझं नाव घेतलं होतं. बाबांचं बरोबर आलं.”

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत ह्यांचं भाकीत पहिल्यांदा खरं ठरलं होतं. एरवी ह्यांनी गल्लीभर मिरवलं असतं, कोचला घरी बोलावून चहा पाजला असता. पण हे उठले आणि बाह्या वर करून सिंकपाशी जाऊन उभे राहिले.

“मी नाव बदललं होतं.”

“बदलायचं नाही असा नियम आहे,” लेक म्हणाली.

“नियम गेला खड्ड्यात. मी माझ्या पोरीचं नाव घेतलं होतं आणि मी हरलो. सरका दोघी.”

कढई घासली, ताटं घासली. शेवटी ह्यांनी डबीतून लेकीचं गार्ड काढलं, छोट्या ब्रशनं कडाकडांनी साफ केलं, दिव्यासमोर धरून निरखलं आणि खिडकीत वाळत ठेवलं.

“पुढची लढत कोणाशी आहे?” पाठमोऱ्या ह्यांनी विचारलं.

“अजून ठरलं नाही, बाबा.”

“असू दे,” हात पुसत हे म्हणाले. “माझं नाव ठरलंय.”