रिवाजाला रकाना नाही

आमच्याकडे थोरलं लेकरू आईबापाचं नसतं, आजीआजोबांचं असतं. कोचकोर गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बुरुल चाळीस दिवसांची झाली आणि आजी राकियानं तिला सुनेच्या कुशीतून उचलून आपल्या कुशीत घेतलं. जन्माच्या सरकारी दाखल्यावर आई म्हणून स्वतःचं नाव घातलं. जन्म देणारी गुलसून त्याच घरात चुलीपुढे राबत होती. घरातली धाकटी मंडळी तिला वहिनी म्हणायची, म्हणून पोरही वहिनीच म्हणायला शिकली.

पुढे बुरुलचा बाप घाटात दरडीखाली गेला. विधवा गुलसून युरोपात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली आणि तिथलीच झाली. खरं काय ते बुरुलला लहानपणापासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडातून काढणं वेगळं. राकियाच्या देखत तो विषय कुणी काढत नसे. म्हातारीचा धाकच तसा होता.

यंदा हिवाळा सरता सरता तिकडे गुलसूनचं कॅन्सरचं दुखणं यकृतात उतरलं. डॉक्टरांनी हात टेकले. ते कळलं त्या संध्याकाळी राकियानं चहाचा पेला खाली ठेवला.

"जा तू. तिला एकदा आई म्हणून ये. माझं आता काय जातंय?"

एवढं बोलून म्हातारी दोन दिवस जेवली नाही.

बुरुलनं फोनवरच म्हणून टाकायचं ठरवलं होतं, पण गुलसूननं तिला थांबवलं. "फोनवर नको गं. समोर बस आणि म्हण. चौतीस वर्षं थांबले, आणखी थोडी थांबते."

मग व्हिसासाठी कागदांची वरात निघाली. शाळेचं पत्र, कारण बुरुल शाळेत शिवण शिकवायची. विमा, जन्माचा दाखला, बँकेचा दाखला, जायचं तिकीट, यायचं तिकीट. आजारी माणसाला बघायला निघालेल्यानं आधी परत येण्याचाच पुरावा द्यायचा, अशी त्या लोकांची रीत! घराचे कागद झाले, फोटो तर कान दिसत नाहीत म्हणून दोनदा काढले. शेवटी तिकडून बोलावण्याचं पत्र यायचं राहिलं. बुरुलनं फोनवर बजावलं होतं, "नातं विचारलं तर नणंद लिही. आपल्या कागदावर तेच आहे." गुलसून बरं म्हणाली होती. पत्र आलं ते तिकडच्या भाषेत. त्यातलं एक अक्षर बुरुलला वाचता येत नव्हतं. तिनं ते तसंच फाईलीत घातलं आणि पहाटेच्या गाडीनं राजधानी बिश्केक गाठली.

वकिलातीत खिडकीमागे आपल्याकडचीच एक मुलगी बसली होती. तिनं कागद चाळले आणि तिचा हात थांबला.

"ताई, तुमची आई कोण?"

"राकिया. घरी असते. तिच्यासाठीच तर परत यायचंय मला."

"मग तिकडची ही बाई कोण?"

"वहिनी. भाऊ वारला माझा."

मुलीनं पत्र काचेजवळ धरलं. "यात लिहिलंय, माझी मुलगी बुरुल, माझ्या पोटची, तिला माझ्याकडे येऊ द्या."

वेडी कुठली! आयुष्यभर तोंड शिवून बसली, आणि लिहायचं नव्हतं तिथेच नेमकं खरं लिहून मोकळी झाली.

मुलगी काचेजवळ झुकून हळूच म्हणाली, "मला कळतंय, ताई. माझ्या मामालाही त्याच्या आजीनंच घेतलंय. पण आतल्या साहेबांच्या फॉर्मात रिवाजाला रकाना नाही. जन्माचा दाखला तरी खोटा, नाहीतर पत्र तरी खोटं. सांगा, काय लिहू?"

दाखला खोटा म्हणावं तर त्यावर राकियाचं नाव. म्हातारीला या वयात खोटं पाडायचं? मागे रांग खोळंबली होती.

"वहिनीच आहे," बुरुल म्हणाली. "आजारी आहे ती. तापात काहीबाही लिहिलं असेल."

मुलीनं खाली बघत लिहून घेतलं. बुरुलला स्वतःची किळस आली. जिला आई म्हणायला निघाली होती, तिलाच चारचौघांत नाकारून ती बाहेर आली होती.

पासपोर्ट कोरा परत आला. आत चिठ्ठी होती, दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही. पुन्हा अर्ज करता येतो म्हणे. गुलसूनला पुन्हा कुठे मरता येणार होतं!

तो घेऊन बुरुल घरी पोचली. राकियानं गुलसूनसाठी वाळवलेल्या खारट दह्याच्या गोळ्यांची पिशवी शिवून दाराशी ठेवली होती. बुरुलनं पासपोर्ट तिच्यापुढे ठेवला. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण नातीचा चेहरा वाचता येत होता. तेवढ्यात फोन वाजला. गुलसूनचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता.

"बुरुल, मी लिहिलेलं वाचलं का गं त्यांनी?"

"वाचलं."

"मोठ्यानं?"

"सगळ्या रांगेनं ऐकलं."

"रागावलीस? नणंद लिहायला बसले, पण हातच चालेना." ती दम खात थांबली. "मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आईच आहे ती माझी."

पलीकडे गुलसून हसली. हसताना खोकली, आणि खोकल्यातूनच तिनं विचारलं, "मग कधी येतेस?"

बुरुलनं पुढ्यातल्या कोऱ्या पासपोर्टाकडे बघितलं. राकियानं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"गुलसून, मी बोलतेय. डोळे मिटू नकोस. तुझी पोर निघालीय."

चौतीस वर्षांत राकियानं 'तुझी पोर' म्हटलं ते आज पहिल्यांदाच, आणि तेही खोटं बोलताना. फोन ठेवून ती दाराशी गेली आणि पिशवीची शिवण उसवायला लागली.