पंचवीस शब्द

या, जरा आत सरकून बसा. आज सांगतो ती गोष्ट जवळ बसून ऐकण्यासारखी आहे. तिच्यात कुणी कुणाला मारत नाही, कुणी कुणाचं काही पळवत नाही. चार माणसांत भला म्हणवला जाणारा एक गृहस्थ एका दुपारी पंचवीस शब्द उच्चारतो, एवढंच घडतं. पण ऐका.

त्याच्या तळहातावर एक सेल होता – शर्टाच्या गुंडीहून लहान – आणि सेलच्या पाठीवरची नारिंगी कागदाची टिकली तशीच चिकटलेली. नवा सेल कानाच्या यंत्रात घालण्याआधी ही टिकली सोलायची असते. सोलली की आत हवा शिरते आणि सेल जागा होतो. न सोलता घातला तर यंत्र दिसायला कानात असतं आणि कान बंदचा बंद. वीस वर्षांत त्यानं ही चूक किती वेळा पाहिली असेल – थरथरत्या हातांची, चष्मा विसरलेल्या डोळ्यांची, घाईत असलेल्या सुनांची... पण ही टिकली एकदा सोललेली होती. सोलून पुन्हा चिकटवलेली, मधोमध सुरकुती पडलेली, आणि कडा नखानं दाबून दाबून बसवलेल्या.

"बिघडलंय ना रे?" समोरची म्हातारी म्हणाली, स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, जरा जास्तच मोठ्यानं. "तीन दिवस झाले. सगळे नुसते ओठ हलवतायत."

तीन दिवस. बरोबरच होतं. तीन दिवसांपूर्वी सकाळी तिचा मुलगा – ज्याला सगळा भाग दादा म्हणायचा आणि आता कुणी म्हणत नाही – आपला पक्ष सोडून त्या लोकांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्याच लोकांच्या, ज्यांनी म्हाताऱ्यांना सरकारकडून मिळणारी कानाची यंत्रं बंद केली होती. ती पुन्हा सुरू करीन म्हणून तो उभा राहिला, म्हणून निवडून आला, आणि वर्ष उलटायच्या आत हसत हसत पलीकडे गेला. तेव्हापासून त्याच्या फाटकासमोर माणसं ओरडत होती. आणि फाटकाच्या आत कुणीतरी वाकून, नखानं, आईच्या कानावर एक कागद चिकटवला होता.

त्याला सगळे कानवाला म्हणत. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या – बाहेर तीन खुर्च्या, आत गादीच्या भिंतींची एक लहानशी खोली, जिथं दार लावलं की स्वतःच्या नाडीचे ठोकेही ऐकू यावेत. निवडणुकीआधी ह्याच खोलीत त्यानं ते केलं होतं. मी काय केलं होतं, तो स्वतःलाच विचारत होता. मी फक्त सांगितलं होतं. ज्यांना सभेतलं भाषण ऐकू येत नाही, ज्यांच्याशी घरातलं कुणी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही, अशी बेचाळीस म्हातारी माणसं, आणि मी त्या प्रत्येकाच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं होतं, ह्याला मत द्या, हा आपला आहे. त्यांनी दिलं. त्यांनी दादाला दिलंच नाही, त्यांनी मला दिलं...

सकाळीच त्या बेचाळिसांतले ड्रायव्हरकाका येऊन गेले होते. यंत्राचं काही काम नव्हतं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कानवाल्या, माझं मत परत आणून दे."

"काका, मला तरी काय ठाऊक..."

"मोठ्यानं बोल. तेव्हा बरं ऐकू येईल असं बोलला होतास." मग पुढ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, "एकतीस वर्षं बस चालवली मी. गाडीत एक माणूस नसला तरी अर्ध्या रस्त्यात पाटी बदलली नाही. आणि हा भरल्या गाडीची बदलतो, आणि तू त्याचा कंडक्टर." उठताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच वाईट होतं. "असू दे. बहिऱ्यांना फसवायला अक्कल लागत नाही."

ते वाक्य दुपारपर्यंत त्याच्या छातीत फिरत राहिलं, गिळलेल्या काट्यासारखं – ना वर येत, ना खाली जात. चार वाजता खालच्या चौकातून लोक निघणार होते, दादाच्या घरावर. तोही जाणार होता. तो कधी कशाविरुद्ध ओरडला नव्हता, त्याला स्वतःचा आवाज चढलेला कसा लागतो तेही माहीत नव्हतं... आणि तीन वाजता दुसरी कुणी नाही, त्याची आई, हीच जिना चढून आली होती. एकटी. घरी न सांगता, हे तिच्या पायांतल्या घरातल्या सपातांवरून कळतच होतं.

त्यानं टिकली सोलली. सेल घातला. यंत्र तिच्या कानामागे बसवताना त्याची बोटं नेहमीसारखीच हलकी होती, आणि त्याला त्या हलकेपणाचा राग आला.

"आलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लगेच खाली उतरला, माणसात आला. "पंखा वाजतोय तुझा."

"तपासून घेऊ मावशी. नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे असं: तो ओठांपुढे एक जाड पुठ्ठा धरतो, म्हणजे समोरच्याला तोंडाकडे बघून ओळखता येऊ नये. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पंचवीस शब्द छापलेले असतात. तो एका पट्टीत एकेक शब्द म्हणतो आणि समोरच्यानं तो जसाच्या तसा परत म्हणायचा असतो. अर्थ लावायचा नाही, विचार करायचा नाही, आलं तसं म्हणायचं.

"खिडकी."

"खिडकी."

"साबण."

"साबण."

ती ह्यात तरबेज होती. चौतीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. ह्या कानानं आलं ते ह्या तोंडानं पुढं, मध्ये आपण नाही, असं तिनंच त्याला एकदा अभिमानानं सांगितलं होतं. चप्पल, चप्पल. डोंगर, डोंगर. डोळे मिटलेले, हात मांडीवर, शाळेतल्या गुणी मुलीसारखी मान किंचित वर. ह्याच मांडीवर दादा वाढला असेल... ह्याच हातांनी त्याला भरवलं असेल, आणि हिनं त्याला काय शिकवलं, तर पाटी बदलायला... आणि आता त्यानं हिला कापसात गुंडाळून ठेवलंय, हिच्यापर्यंत काही पोचू नये म्हणून, आणि आमच्या कानांचं काय, ड्रायव्हरकाकांच्या कानांचं काय, देवानं डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना नाही दिल्या, सगळ्यांनी उघड्या कानांनी ऐकायचं आणि हिनं तेवढं...

बारावा छापील शब्द होता टोपली.

"दगा," तो म्हणाला.

"दगा," ती म्हणाली.

काही झालं नाही. पंखा फिरत होता. तिच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. त्याच्या कानशिलांत गरम काहीतरी चढलं. पुठ्ठ्याआड त्याचे ओठ त्याला स्वतःलाच जाणवले, ओले, मोठे. पुढचा एक शब्द त्यानं छापील घेतला, सोंग टिकावं म्हणून. मग –

"गद्दार."

"गद्दार."

"विकाऊ."

"विकाऊ."

किती स्वच्छ म्हणत होती. एकही अक्षर सांडत नव्हतं. चौकात पाचशे माणसं घसा फोडून जे म्हणणार होती ते त्यानं इथं, ह्या गादीच्या खोलीत, खुद्द दादाच्या आईच्या तोंडून वदवून घेतलं होतं, आणि तो मागेल तितकं ती म्हणत होती. जिभेवर गोडसर चव आली. थांब, त्याला कुणीतरी सांगत होतं, आतून, फार लांबून... पण गोड लागत होतं. निर्लज्ज, निर्लज्ज. भित्रा, भित्रा. एकेक शब्द तो निवडून, धार बघून देत होता, आणि सकाळचा तो काटा प्रत्येक शब्दागणिक थोडाथोडा सरकत होता.

"तुमचा."

"तुमचा."

"मुलगा."

"मुलगा," ती म्हणाली.

मग तो थांबला. पुठ्ठ्यावरची छापील अक्षरं त्याला मुंग्यांसारखी दिसली.

"दोन राहिले," म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली. "तेवीस झालेत. मी मोजते."

"हो... हो. घर."

"घर."

"सावली."

मग तिनं मान थोडी पुढे केली. "हा नाही आला."

"सावली."

"नाही कळत रे. तोंडातल्या तोंडात बोलतोयस." तिनं डोळे उघडले आणि पुठ्ठ्याकडे बघितलं, जणू पुठ्ठा काचेचा असावा. "मघाचे कसे खणखणीत म्हणालास. एकेक शब्द कळत होता."

त्याचा हात खाली आला. चेहरा उघडा पडला, आणि त्या चेहऱ्यावर ह्या क्षणी काय आहे हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं. त्यानं यंत्राचा पेचकस उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं; बाहेरच्या खिडकीखाली चौकात गलका जमू लागला होता. कुणीतरी कर्ण्यावर फुंकर मारून बघत होतं.

"मावशी, आवाज थोडा खाली ठेवून देऊ? बाहेर... बाहेर गर्दी आहे आज."

"नको."

"त्रास होईल. रस्त्यानं जाताना."

"बाळा, मला ओठ वाचता येतात," ती म्हणाली, साधेपणानं, भाजीला मीठ कमी आहे सांगावं तसं. "तीन दिवस गल्लीतली सगळी तोंडं एकच शब्द बोलतायत. न कळायला काय झालं? चुकलाय तो. साफ चुकलाय. मी विचारलं त्याला, असं का केलंस म्हणून. तो बोलला काहीतरी. बराच वेळ बोलला, पण खाली मान घालून बोलला. त्याचं तोंड दिसलं नाही मला." तिनं सपाता पायांत नीट केल्या. "आता पुन्हा विचारणार. आणि काय सांगतो ते ऐकणार. त्यासाठी आले एवढी."

त्याला वाटलं होतं, आता ती रडेल किंवा शिव्या देईल. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं, माफी मागायला जागा झाली असती. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. बाहेरचं दार उघडताना फक्त म्हणाली, "तुझे शब्द बदललेस वाटतं ह्या वेळी. जुने बरे होते." आणि कठडा धरून जिना उतरू लागली.

तो तिथंच बसून राहिला. कागदावर गुण लिहायचे होते – पंचवीसपैकी चोवीस. त्यानं चोवीस लिहिलं. खालून हाक आली, "कानवाले, चला की, निघालो," आणि मग घोषणा उठली, पाचशे गळ्यांची, आणि तिच्यात कुठलाच शब्द धड ऐकू येत नव्हता, नुसता धूसर मोठा आवाज. त्याच्या मनात आलं, ह्यांना नीट म्हणता येत नाही. मी नीट म्हटलं. वीस वर्षांच्या तालमीनं, सुट्टं सुट्टं, हातभर अंतरावरून... राग होता तो, खरा होता, अजूनही होता. दादा समोर आला असता तर त्यानं पुन्हा हेच... पण दादा समोर नव्हता आला. समोर जी आली तिला त्यानं गाठलं. बहिऱ्यांना फसवायला – त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. उठावंसं वाटलं, त्या गर्दीत शिरून ओरडावंसं वाटलं, म्हणजे आपला आवाज इतरांच्या आवाजात बुडून जाईल आणि ओळखू येणार नाही. त्यानं बसल्या जागी ओठ उघडून बघितले. काहीच म्हटलं नाही, तरी त्याला ऐकू आलं.

तो पुढे खाली गेला का, हे विचारू नका. दादाची याद तर लोक ठेवतीलच, शिव्या देण्यापुरती का होईना. तुम्ही मात्र घरी जाताना, किंवा कुठं चार माणसं एका सुरात कुणाचं नाव घेऊन ओरडताना दिसली तर, त्या म्हातारीला एकदा आठवा – घरातल्या सपाता घालून, त्या गर्दीच्या मधून, यंत्र पुरतं उघडं ठेवून चाललेली, पोराचं उत्तर ऐकायला.