दुधाची साक्ष

विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या माणसाला घरी आल्यावर चटकन माणसात येता येत नाही. भिंगरीच्या बाबांनी तर तो नाद केव्हाच सोडला होता.

भिंगरीला फिट यायच्या. सिरप चालू असूनही अधूनमधून यायच्याच. म्हणून डॉक्टरीणबाईंनी सिरपच्या जोडीला पावडरच्या पुड्या सुचवल्या, पोटातले चांगले जंतू वाढवणाऱ्या.

"अभ्यास चालू आहे," बाई म्हणाल्या. "काही मुलांना जंतूंची पुडी, काहींना नुसतीच पिठीची. कुणाला कोणती, हे मलाही माहीत नाही. सिरप मात्र अजिबात बंद करायचं नाही."

'मलाही माहीत नाही' म्हणणाऱ्यांचे दावे बाबा हयातभर फेटाळत आले होते. बाईंच्या हातातलं पेनसुद्धा त्यांना औषध कंपनीचं वाटलं. ते होतंही.

तरी आईने सही केली. पुड्या सुरू झाल्या आणि फिट कमी होत गेल्या. भिंगरी पुन्हा एकटी जिना उतरून मैत्रिणीकडे जाऊ लागली. बाबांचा संशय बळावला.

"आपोआपही कमी होतात. पुडीत काही आहे याला पुरावा काय?"

"पोरगी हुंदडतेय, हा पुरावा."

"हुंदडणं ग्राह्य धरत नाहीत."

त्यांनी एक जादा पुडी दुधात ढवळून ठेवली. जंतू असतील तर दही लागेल. सकाळी दूध दूधच होतं.

"बघ! नुसती पिठी आहे. अभ्यासातून तिचं नाव काढून घेतो. कशाला दर खेपेला रक्तासाठी तिला सुया टोचायच्या?"

"अहो, दूध गार होतं तुमचं. आणि प्रत्येक जंतू काय दही लावायच्या नोकरीला असतो?"

"बरं, कोमट करून पुन्हा लावतो. या वेळी नाही लागलं, तर नाव कट."

"लावा. झाकण मात्र नीट ठेवा."

दुसऱ्या दिवशी बाबांनी झाकण काढलं. दही असं घट्ट, की चमचा उभा राहावा.

"लागलं!" भिंगरी ओरडली. "म्हणजे माझी पुडी खरी?"

इतक्या घट्ट दह्यात बाबांना लगेच लबाडीचा वास आला. त्यांनी फ्रिज उघडला. दह्याच्या वाटीत एक ताजा खळगा होता. घासलेली भांडी पालथी होती. सिंकमध्ये एकच चमचा, कडेला सुकलेला पांढरा ओघळ. आई ओटा पुसत होती. पुसलेलाच.

असली प्रकरणं ते चहा संपायच्या आत निकालात काढत.

"बाबा," भिंगरीने विचारलं, "आता नाही ना माझं नाव काढायचं?"

बाबांनी नळ सोडला, चमचा स्वच्छ धुतला, पुसला आणि खणात ठेवला.

"मंजूर," ते म्हणाले. "आण ती आजची पुडी. सिरप आधी."

आईने ओटा पुसणं थांबवलं.