तोंडात टाचण्या होत्या म्हणून

माझ्या तोंडाबद्दल आमच्या घरात दोन मतं नाहीत. सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की कुत्रीसुद्धा गल्ली बदलतात. त्यामुळे सगळ्या शहरानं मिळून मला ‘मौन पाळणारी माता’ केलं, तेव्हा माझी धाकटी जाऊ दुकानात पोट धरधरून हसली. कितीतरी आठवड्यांनी हसली बिचारी, म्हणून मी तिला काही बोलले नाही. नाहीतर सोडलं नसतं.

आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. मी, जाऊ, दोन मशिनी, एक इस्त्री आणि एक उभा आरसा. पँटची उंची कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची. इथल्या पोलिसांचे गणवेशही आमच्याकडेच येतात. कुणाची ढेरी कोणत्या वर्षी किती सुटली ते मला विचारा. या देशात येऊन बावीस वर्षं झाली. इथली भाषा मला कविता करण्याइतकी येत नाही, भांडणापुरती मात्र चोख येते.

मला एकच मुलगा. त्याला आम्ही लांब्या म्हणायचो, कारण तो वाढायचा थांबतच नव्हता. मी एक पँट उसवून लांब करावी, तोवर दुसरी घोट्यावर आलेली असायची. वीस वर्षांचा असताना गेला. भर दुपारी बसथांब्यावर चार पोरांनी त्याला आमच्या कातडीच्या रंगावरून शिव्या घातल्या, आणि हा ‘आपापल्या वाटेनं जा’ म्हणाला म्हणून त्याला मारलं. पोलीस आले तेव्हा माझं पोर जिवंत होतं. पण फूटपाथवर पडलेला आमच्या रंगाचा मुलगा बघून त्यांनी ठरवून टाकलं, हा प्यायलेला असणार. अँब्युलन्स बोलवायची सोडून त्याची कागदपत्रं तपासत बसले. नंतर फाइलवर लिहिलं, ‘मुलांची आपसातली बाचाबाची’, आणि फाइल बंद. लांब्यानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. मला ती फाइल उघडायला हवी होती, बाकी काही नको होतं. समाजकार्य वगैरे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

शहरात वर्णद्वेषविरोधी समिती होती. ती एक निवृत्त मास्तर चालवायचे. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, भीक नको पण कुत्रा आवर. त्यांनी लायब्ररीच्या हॉलमध्ये सभा ठेवली. ‘ताई, तुम्ही फक्त येऊन बसा,’ म्हणाले.

त्या दिवशी मला उशीर झाला. एका नवरीचा झगा टाचता टाचता घड्याळ बघितलं आणि तशीच पळाले. आता शिवणकाम करणाऱ्या बाईची एक खोड असते. टाचण्या ओठांत धरायच्या. हात दोन, कापड निसटतं, मग टाचण्या ठेवणार कुठे? तीस वर्षांत ती सवय इतकी अंगात मुरते की ओठांत काही आहे हे कळतही नाही. मी हॉलमध्ये शिरले, पहिल्या रांगेत जाऊच्या शेजारी बसले. तेवढ्यात मास्तर माईकवरून म्हणाले, ‘आता ती माउलीच तुमच्याशी दोन शब्द बोलेल.’

येऊन फक्त बसायचं ठरलं होतं की नाही? पण मी उठले. वर गेले. मास्तरांनी एका हातात माईक दिला आणि दुसऱ्या हातात लांब्याचा फ्रेम केलेला मोठा फोटो. मी तोंड उघडायला गेले आणि मला कळलं, तोंडात चार टाचण्या आहेत.

करणार काय? उघडलं तर एखादी घशात जायची. थुंकावं, तर समोर दोनशे माणसं आणि छातीशी मुलाचा फोटो. माईक खाली ठेवायला टेबल नाही. फोटो तर मी जमिनीवर ठेवणारच नव्हते, जीव गेला तरी. मी मास्तरांकडे बघून डोळे मोठे केले, तर त्यांनी हात जोडले. रागानं माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सांगायचं इतकं होतं आणि चार टाचण्यांपायी एक अक्षर फुटेना! दोन मिनिटं मी तशीच उभी. मग मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला, मग त्याची बायको, मग सगळा हॉल. कुणीतरी हुंदका दिला. फक्त जाऊ कपाळाला हात लावून बसली होती, कारण तिला टाचण्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर माझा फोटो. मथळा, ‘शब्दांपलीकडचं दुःख’.

‘वहिनी,’ जाऊ म्हणाली, ‘भावजींना हा पेपर दाखवा. तीस वर्षांत त्यांना जमलं नाही ते चार टाचण्यांनी केलं.’

त्यानंतर बोलावणी सुरू झाली. कॉलेजं, कामगार संघटना, डॉक्टरांची परिषद. सगळ्यांना मौन हवं. दुसऱ्याच सभेत मी तोंड मोकळं ठेवून गेले, माईक धरून म्हटलं, ‘नमस्कार, मला त्या फाइलबद्दल...’ तोच मास्तरांनी खांद्यावर हात ठेवला. ‘नका बोलू, ताई. आम्हाला सगळं कळतंय.’ आणि टाळ्यांचा कडकडाट. काय कळलं होतं यांना, डोंबल? एका कार्यक्रमपत्रिकेत तर छापलं होतं, ‘मातेचं मौन, पाच मिनिटं. नंतर चहा.’ मी मुकाट्यानं चहा प्यायले आणि घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर डाफरले. हे बिचारे म्हणाले, ‘मी काय केलं?’ काही केलं नव्हतं. कुणावर तरी ओरडायला हवं होतं, आणि हे जवळ होते.

तरी मी जात राहिले, कारण गर्दी वाढत होती. गर्दी वाढली म्हणून नगर परिषदेला आमचा अर्ज घ्यावा लागला. नऊ सदस्य होते. त्यांच्यातल्या पाचांनी हात वर केले असते, तर पोलिसांना ती फाइल उघडणं भाग होतं. ही एकच संधी होती. फेटाळला गेलेला अर्ज तिथं पुन्हा घेत नाहीत.

आदल्या दिवशी मास्तर दुकानात आले. ‘ताई, उद्या भाषण मी वाचतो. तुम्ही नुसत्या उभ्या राहा. मौन हीच आपली ताकद आहे.’

‘मास्तर,’ मी म्हटलं, ‘त्या दिवशी माझ्या तोंडात टाचण्या होत्या.’

मास्तरांनी डोळे मिटले. ‘वा! काय प्रतिमा आहे! दुःखाच्या टाचण्या!’

‘दुःखाच्या नाही हो, स्टीलच्या!’ जाऊ मशीनवरून ओरडली. पण त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

परिषदेचं सभागृह म्हणजे लांब टेबल, नऊ खुर्च्या, भिंतीवर मोठं घड्याळ आणि बोलणाऱ्यासमोर एक दिवा. तीन मिनिटं हिरवा, मग लाल. लाल झाला की गप्प बसायचं. अध्यक्ष सुकलेल्या चेहऱ्याचे, अतिशय सभ्य गृहस्थ. मास्तरांचं भाषण प्रस्तावनेतच लाल झालं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. म्हणाले, ‘या मातेच्या संयमाला आम्ही वंदन करतो. परिषदेचा असा विचार आहे, की जुनं उकरून काढण्याऐवजी बागेत मुलाच्या नावानं एक बाक बसवावा.’ टेबलाभोवती माना हलल्या. पाच, सहा, सात. मी मोजत होते. ही माणसं माझ्या गप्प बसण्यावर बाक बसवून मोकळी होणार होती.

मी उठले. मास्तर हात जोडायला लागले, त्यांना म्हटलं, ‘आता खाली बसा.’

‘बाक नको,’ मी म्हटलं. ‘माझा मुलगा बसमध्ये जागा रिकामी असली तरी उभा राहायचा. बाकाचं काय करू?’ सभागृहाला धक्काच बसला. भिंत बोलायला लागल्यासारखे सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, थांब्यावर काय झालं, पोलिसांनी काय केलं, फाइलवर काय लिहिलं. दिवा लाल झाला.

‘ताई, तीन मिनिटं झाली,’ अध्यक्ष म्हणाले. ‘नियम आहे.’

‘तुमचे पोलीस तिथं पोचल्यापासून अँब्युलन्सला फोन करेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. हे तुमच्याच कागदात आहे. तेव्हा कुणी लाल दिवा लावला नाही. माझी तीन झाली, सदतीस राहिली. बसून राहा.’

कुणी उठलं नाही. मी बोलत राहिले. लांब्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा परीक्षकालाच घरी सोडून आला, हे सांगितलं. एक सदस्य खुदकन हसला. दुकानाचा आरसा त्यानं कसा फोडला, भाकरी दुधात बुडवून उभ्यानं कसा खायचा, मी रागावले की मला उचलून कपड्यांच्या ढिगावर कसा ठेवायचा, तेही सांगितलं. खूप झालं असेल म्हणून घड्याळ बघितलं. अठरा मिनिटं झाली होती.

पुढचं सगळं तुम्ही पेपरात वाचलं असेल. फाइल सात विरुद्ध दोन मतांनी उघडली, चौकशी झाली, आणि पुढच्या निवडणुकीत त्या दोघांपैकी एकाला पाडून मी त्या टेबलाशी जाऊन बसले. आता मला कुणी मौन पाळायला बोलावत नाही. पण तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. तेव्हा फक्त घड्याळ होतं, आणि बावीस मिनिटं बाकी होती.

चाळीस मिनिटं हा आकडा मी शंभरदा तोंडानं म्हटला असेल. ती केवढी असतात हे मला त्या दिवशी उभं राहिल्यावर कळलं. ती संपतच नाहीत हो. सत्ताविसाव्या मिनिटाला माझे पाय लटपटायला लागले. जाऊ धावत आली. म्हणाली, ‘वहिनी, पुरे आता. बसा.’

‘अजून तेरा आहेत गं,’ मी म्हटलं.

मग ती माझा दंड धरून उभी राहिली. मी बोलले, अडखळले, पुन्हा बोलले. तेच तेच सांगितलं असेल. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला होता. शेवटची पाच मिनिटं मी लांब्याला नुसती हाक मारत होते, लहानपणी दारातून मारायचे तशी. कुणी मला थांबवलं नाही.

काटा चाळिसावर आला, तेव्हा मी अध्यक्षांकडे बघून म्हटलं, ‘आत्ता फोन केला त्यांनी.’ आणि खाली बसले.