कातळावरची सतरा माणसं

सकाळपासून गेंदू मवासी कातळापुढे उकिडवा बसला होता आणि कातळावर काही म्हणता काही दिसत नव्हतं. गुहेच्या या भिंतीवर गेरूची सतरा माणसं हातात हात घालून नाचायची. महादेवाने घडवलेली पहिली कोरकू माणसं ती हीच, असं बारीढाना गावातला प्रत्येक जण मानायचा आणि होळीचा नारळ त्यांच्यापुढेच फोडायचा. आता तिथे पांढरट डाग तेवढे उरले होते.

दुपारी चौकशीचे साहेब येणार होते. जुन्या सरकारी नोंदीतलं चित्र जागेवर दिसलं, तर गावाची इथली पूजा पूर्वापारची ठरणार आणि गाव जंगलात राहणार. नाही दिसलं, तर बावीस घरांनी डोंगर उतरायचा.

आणि चित्र घालवलं कोणी? गेंदूनेच. मोठा शहाणा गाईड! कोरड्या कातळावर रंग फिका दिसायचा, तांब्याभर पाणी मारलं की लालभडक उठायचा. पर्यटक टाळ्या पिटायचे, गेंदूची छाती फुगायची. वीस वर्षं त्याने पाणी मारलं. प्रत्येक तांब्याने थोडा रंग नेला आणि थोडा पाण्यातला पांढरा खार मागे ठेवला. हे त्याला यंदा कळलं, म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

त्याची म्हातारी आत्या झुनकी पाण्याची कळशी घेऊन धापा टाकत वर आली.

"सांगत होते, देवाला रोज आंघोळ घालू नको, पडसं होईल त्याला. ऐकलंस?"

"आत्ये, आज तरी टोमणे नको मारू गं."

"मग तू पाणी मार. साहेब बघतील तेवढ्यापुरतं, एकदाच."

"उरलंसुरलंही जाईल."

"आणि आपण गेलो तर त्याला नारळ कोण फोडणार, माकडं?"

गेंदू लहान पोरासारखा रडला. दुसरा मार्ग त्यालाही सुचत नव्हता.

साहेब आले. चष्मेवाले, बोलायला मऊ. भिंतीला नाक लावून त्यांनी इंच न् इंच पाहिलं. "इथे तर काहीच नाही," म्हणत त्यांनी पेन काढलं, तशी गेंदूने कळशी उचलली आणि सगळं पाणी भिंतीवर भिरकावलं.

आधी पाय उठले, मग कंबरा, मग हातात गुंफलेले हात. सतराच्या सतरा! साहेबांनी भराभर फोटो काढले. "आहे! नोंदीतलंच चित्र!" आत्याने कातळावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

"पण पाण्याने दिसेल, हे तुला कसं ठाऊक?" साहेबांनी विचारलं.

इथे गप्प बसला असता तर! पण आनंद डोक्यात गेला होता. "वीस वर्षं मारतोय, साहेब! ही युक्ती अख्ख्या डोंगरात माझीच."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला खार लागला आणि जरासा लाल रंग. दगडावर बसून ते बराच वेळ लिहीत राहिले. मग नियमाप्रमाणे त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि डोंगर उतरून गेले.

आत्याला कागदाची भाषा कळत नव्हती. तिने गेंदूची बाही ओढली. "काय लिवलं रे? चित्र आहे म्हणाले ना?"

"आहे म्हणाले."

"मग राहिलो ना आपण इथंच?"

"नाही, आत्ये." त्याने रिकामी कळशी उचलली. "चित्र वाचवायचंय म्हणाले. आपल्यापासून."