हत्तीसमोरचं प्यादं

मी एक प्यादं बोलतोय. पांढरं, लाकडी, क्लबच्या तिसऱ्या पेटीतलं. माझ्यासह आठ भावंडं एकाच दुपारी लेथवर कातली गेली. पण माझ्या तळाला चिकटवलेलं फेल्टचं मऊ कापड लवकर निघालं, म्हणून मला कडेला, हत्तीसमोर ठेवायची पद्धत पडली. तिथल्या प्याद्याला सुरुवातीला कुणी हात लावत नाही. चौदा वर्षं मी इतरांच्या पाठी पाहिल्या.

यंदा स्पर्धेच्या अंतिम डावात काळ्या बाजूला आमचे सर होते, निवृत्त गणितशिक्षक. पांढऱ्या बाजूला त्यांचीच मुलगी. ती इस्पितळात एक्स-रे काढते. दोन वर्षांपूर्वी तिनं वडिलांकडे शिकणं सोडून दुसऱ्या क्लबात नाव घातलं. तेव्हापासून एका घरात राहून दोघं बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी निरोप आईमार्फत जाई.

मुलगी नेहमी राजासमोरचं प्यादं दोन घरं सरकवून सुरुवात करायची. त्यावरची उत्तरं सर महिनाभर याच पटावर मांडत होते. वही भरली होती.

घड्याळ सुरू झालं. तिनं मला उचललं आणि एक घर पुढे ठेवलं.

सरांनी आधी मला न्याहाळलं, मग पंचांना विचारलं, "चुकून हात लागला का तिचा?"

"चाल नियमात बसते," पंच म्हणाले.

सरांनी उत्तराला एकवीस मिनिटं घेतली.

तीन तासांनी त्यांची बाजू लंगडी पडली. ते पुटपुटले, "बरोबरी?" दोन वर्षांतला तो पहिला शब्द.

"नाही," ती म्हणाली.

शेवटी पटावर दोन राजे आणि मी उरलो. वजीर व्हायला मला दोन घरं कमी होती. पण कडेच्या प्याद्याची एक अडचण असते. समोरचा राजा त्याच्या वाटेवरच्या कोपऱ्यात जाऊन बसला, की त्याला तिथून हलवता येत नाही. सरांचा राजा जाऊन बसला.

तिनं बराच वेळ पटाकडे पाहिलं. "बरोबरी, बाबा."

"मघाशी मी तेच म्हणत होतो."

"मघाशी तुम्ही हरत होतात."

सरांना हसू आवरेना. "ती पहिली चाल कुठल्या पुस्तकातली?"

"कुठल्याच नाही. तुमची वही वाया घालवायची होती."

"गेली," म्हणत त्यांनी खुर्ची तिच्या बाजूला ओढली. "चल, दाखव कुठे चुकलो."

पुढे दीड तास दोघं मोठमोठ्यानं भांडले. शिपाई दारात किल्ल्या वाजवत उभा होता.

आता क्लबात प्लास्टिकचे नवे संच येणार आहेत. जुन्या पेट्या ज्याला हव्यात त्याला देणार म्हणे. नेणाऱ्याला माझी एकच विनंती: घरात खेळणारी निदान दोन माणसं असावीत. ती एकमेकांशी बोलत नसली तरी चालेल.